दोनच टक्के! डोळ्यांच्या थेंबांच्या तुलना वाचताना मी कुठे चुकलो



पेपरचा फक्त सारांश वाचून मत बनवू नका, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल? आता ऐका. या वर्षी मी स्वतः तेच केलं, आणि त्याचा भुर्दंड माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने भरला. त्यामुळे आजचं लिखाण म्हणजे थोडी परीक्षा आणि थोडी कबुली आहे. परीक्षा कशाची? डोळ्यात घालायच्या थेंबांची तुलना करणाऱ्या संशोधनाची. अ‍ॅलर्जीच्या खाजेसाठीचे थेंब आणि ऑपरेशननंतरच्या सुजेसाठीचे थेंब, ही ती तुलना. वरवर अगदी सोपी वाटते. एकच औषध दोन्हीकडे चालतं, मग त्यात वाचायचं काय, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

आधी झालं काय ते सांगतो. आमच्या पिंपळे गुरवच्या घरात आत्या राहते. दिवाळीनंतर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नंतर काही आठवडे थेंब घालायचे होते, त्यात एक लोटेप्रेडनॉल ०.५ टक्के होतं. हे स्टेरॉइड. बाटली संपली नाही, फ्रीजच्या दारात राहिली. फेब्रुवारीत ताई मोशीहून आली. बरोबर भाचा, डोळे लाल, सारखा चोळतोय. आत्या म्हणाली, "अरे, माझे थेंब आहेत ना, त्यातलेच दोन घाल. खाजेला पण हेच देतात म्हणे." सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात औषधांवर पीएचडी करणारा मी. आणि मी काय म्हणालो? "चालेल की. हे सॉफ्ट स्टेरॉइड आहे. डोळ्यातला दाब फक्त दोन टक्के लोकांत वाढतो."

खाज दोन दिवसांत गेली. ताई खूश. ती बाटली संपल्यावर तिने त्याच नावाची दुसरी घेतली, चिठ्ठीशिवाय, मग तिसरी. मे महिन्यात शाळेच्या सुट्टीत नेत्रतज्ज्ञांनी दाब मोजला तर दोन्ही डोळ्यांत २६. साधारणपणे २१ पर्यंतचा दाब ठीक समजतात. डॉक्टरांनी विचारलं, "हे थेंब कोणी सांगितले?" ताई म्हणाली, "माझा भाऊ पीएचडी करतो." थेंब बंद केले, महिन्याभराने दाब १६ वर आला. नस तपासली, नुकसान नाही. सुटलो. पण "दोन टक्के" हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. तो आकडा खोटा नव्हता. मग चूक कुठे होती? चला, शोधू.

एक रेणू, दोन बाटल्या

१९९८ साली अमेरिकेत लोटेप्रेडनॉल एटाबोनेटच्या दोन बाटल्यांना मंजुरी मिळाली. एक लोटेमॅक्स, ०.५ टक्के, ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी आणि स्टेरॉइडला दाद देणाऱ्या इतर दाहांसाठी. दुसरी अ‍ॅल्रेक्स, ०.२ टक्के, ऋतुमानानुसार होणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या डोळ्यांसाठी. रेणू तोच. दोन्ही दिवसातून चार वेळा.

हा रेणू घडवण्यामागची कल्पना सुंदर आहे. निकोलस बोडोर या शास्त्रज्ञाचा विचार असा होता की औषधाने काम करावं आणि काम झालं की शरीरातल्या साध्या एन्झाइमने त्याचे तुकडे करून ते निकामी करावं. जुन्या स्टेरॉइडमध्ये २० व्या कार्बनवर कीटोन गट असतो. लोटेप्रेडनॉलमध्ये तिथे एस्टर आहे. एस्टर सहज तुटतो, निकामी आम्ल तयार होतं. म्हणून "सॉफ्ट". तुम्ही फार्मसीचे असाल तर हे परीक्षेत लिहिलंच असेल.

पण इथेच पहिला सापळा आहे. "रचना अशी आहे, म्हणून दुष्परिणाम कमी असतील" हे अनुमान झालं. दुष्परिणाम खरोखर कमी आहेत का, कोणात, किती दिवस, हे चाचणी सांगते. मी रचनेच्या गोष्टीवर इतका भाळलो होतो की चाचणीचा तक्ता नीट वाचलाच नाही.

आधी विचारा: मोजलं काय?

कोणतीही तुलना हातात आली की "कोण जिंकलं" हे शेवटी बघा. आधी बघा, मोजपट्टी कोणती.

खाज ही रुग्णाने सांगायची गोष्ट. बहुतेक चाचण्यांत ० ते ४ अशी पट्टी असते. ० म्हणजे खाज नाही, ४ म्हणजे चोळल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टरला खाज दिसत नाही, त्याला लाली दिसते. ऑपरेशननंतरची सूज याच्या अगदी उलट. तिथे डॉक्टर स्लिट लॅम्पचा बारीक झोत बुबुळाच्या पुढच्या पोकळीत टाकतो आणि तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजतो. शिवाय तिथल्या पाण्यात प्रथिनं उतरल्यामुळे ते किती धुरकट झालंय, म्हणजे फ्लेअर किती, हे ठरवतो. २००५ साली युव्हिआयटिसच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या पट्टीनुसार एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरच्या झोतात ६ ते १५ पेशी दिसल्या तर १+, १६ ते २५ दिसल्या तर २+, ५० च्या वर गेल्या तर ४+.

म्हणजे एकीकडे रुग्णाचं म्हणणं, दुसरीकडे डॉक्टरची मोजणी. जागाही वेगळी. अ‍ॅलर्जी डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणात, थेंब पडतो तिथेच. ऑपरेशनची सूज कॉर्नियाच्या पलीकडे, आत. औषधाला भिंत ओलांडून जायचं असतं. वेळही वेगळी. परागकण लागला की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामीन सुटतं आणि तीन ते पाच मिनिटांत खाज शिगेला पोचते. ऑपरेशनमध्ये ऊतींना धक्का बसतो, अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात, रक्त आणि डोळ्यातलं पाणी यांच्यातला बांध सैल होतो. हे प्रकरण आठवडे चालतं.

आता सांगा, "खाजेवर ०.२ जास्त प्रभावी की सुजेवर ०.५?" या प्रश्नाला अर्थ आहे का? नाही. दोन वेगळ्या शर्यतींतल्या पहिल्या नंबरांना एकमेकांविरुद्ध पळवण्यासारखं आहे ते. तरी असे तक्ते तुम्हाला ढिगाने दिसतील. एका रकान्यात एक औषध, दुसऱ्यात दुसरं, खाली टक्के. टक्के दिसले की आपल्याला वाटतं तुलना झाली.

प्लासिबोचा रकाना झाकू नका

ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी लोटेप्रेडनॉल ०.५ टक्क्याच्या दोन चाचण्या १९९८ साली प्रसिद्ध झाल्या. एकीत २२७ रुग्ण, दुसरीत २०३. पहिलीत औषध घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांची सूज पूर्ण गेली, प्लासिबोवाल्यांपैकी २९ टक्के. दुसरीत ५५ विरुद्ध २८.

हे आकडे समोर घेऊन बसा. "६४ टक्के रुग्ण बरे" असं कुणी सांगितलं तर ते खरं आहे, पण अर्धं. त्यातले सुमारे २९ टक्के काहीही न करता बरे झाले असते, कारण जखम भरणं हा शरीराचा स्वभाव आहे. औषधाची खरी कमाई म्हणजे फरक: पहिलीत ३५ टक्के, दुसरीत २७. उलट करून पाहा. एका जादा रुग्णाची सूज घालवायला साधारण तीन ते चार जणांना औषध द्यावं लागतं. हे चांगलं औषध आहे, यात शंका नाही. पण "६४" या आकड्याने जे चित्र उभं राहतं ते "चारातला एक" या आकड्याने राहत नाही.

अजून एक बारकावा. डोळ्याच्या थेंबांत प्लासिबो म्हणजे साखरेची गोळी नसते. औषध ज्या द्रवात घालतात तोच द्रव, औषधाशिवाय. अ‍ॅलर्जीच्या चाचणीत हा द्रवसुद्धा डोळा धुतो, परागकण वाहून नेतो, थंडावा देतो. म्हणजे प्लासिबो गटालाही थोडा उपचार मिळतोच. म्हणून खाजेच्या चाचण्यांत प्लासिबो गट चांगला सुधारलेला दिसतो आणि औषधाचा फरक लहान दिसतो. फरक लहान म्हणून औषध वाईट, असं लगेच म्हणू नका. आणि फरक "सिग्निफिकंट" आहे म्हणून रुग्णाला जाणवतो, असंही म्हणू नका. खाजेच्या ० ते ४ पट्टीवर साधारण एक अंकाचा फरक कामाचा मानतात. पेपरमध्ये ०.३ चा फरक आणि पी-व्हॅल्यू झोकात असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करा.

आता माझे दोन टक्के

लोटेमॅक्सच्या माहितीपत्रकातला तक्ता असा आहे. २८ दिवस किंवा जास्त उपचार घेतलेल्यांमध्ये डोळ्यातला दाब १० मिलिमीटर पाऱ्याने किंवा त्याहून जास्त वाढलेले रुग्ण: लोटेप्रेडनॉलवर ९०१ पैकी १५, म्हणजे २ टक्के. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्क्यावर १६४ पैकी ११, म्हणजे ७ टक्के. प्लासिबोवर ५८३ पैकी ३, म्हणजे अर्धा टक्का.

मी हे वाचून "दोनच टक्के" म्हणालो होतो. आता एकेक शब्द सोडवू.

"१० किंवा जास्त". म्हणजे दाब १५ वरून २४ झाला तर तो या २ टक्क्यांत धरलाच जात नाही. वाढ ९ ची आहे. माझ्या भाच्याचा दाब नंतर १६ होता, थेंबांवर २६ होता. तो जेमतेम या व्याख्येत बसला. आठने वाढला असता तर तक्त्यासाठी तो "ठीक" ठरला असता. उंबरठा कुठे आखला त्यावर आकडा ठरतो.

"२८ दिवस किंवा जास्त". स्टेरॉइडने दाब वाढायला आठवडे लागतात. १९६० च्या दशकात आर्मली आणि बेकर यांनी निरोगी माणसांच्या डोळ्यात काही आठवडे जुन्या पद्धतीचं स्टेरॉइड घालून पाहिलं होतं. साधारण एक तृतीयांश लोकांत मध्यम वाढ दिसली, आणि शंभरातल्या चार ते सहा जणांत खूप जास्त. ऑपरेशननंतर लोटेप्रेडनॉल दोन आठवडे द्यायचं असं माहितीपत्रक सांगतं. तिथे धोका काही दिवसांचा आणि डॉक्टर तपासायला बोलावतातच. अ‍ॅलर्जी मात्र दर वर्षी येते. तिचा रुग्ण तीन-तीन महिने थेंब घालतो, आणि बरं वाटतंय म्हणून कुणाकडे जात नाही. त्याच औषधाचा धोका इथे वेगळा आहे, कारण वापर वेगळा आहे.

"लोटेप्रेडनॉलवर ९०१". हे ९०१ एका चाचणीतले नाहीत. वेगवेगळे आजार, वेगवेगळ्या चाचण्या, सगळ्यांची बेरीज. बेरजेने आकडा मोठा होतो आणि भरवसा वाटतो. पण माझा प्रश्न "नऊ वर्षांच्या मुलाला तीन महिने दिलं तर?" हा होता. त्या प्रश्नाचं उत्तर बेरजेत नव्हतं.

अ‍ॅल्रेक्सचं माहितीपत्रक उघडलं. तिथे चित्र अजून गोड दिसतं. सहा आठवड्यांच्या दोन चाचण्या, एकूण २६८ रुग्ण. दाब वाढलेले: औषधावर १३३ पैकी १, प्लासिबोवर १३५ पैकी १. एक टक्का विरुद्ध एक टक्का. "फरकच नाही!" असं म्हणायचा मोह होतो ना? थांबा. १३३ पैकी १ या आकड्याभोवतीचा ९५ टक्क्यांचा विश्वासपट्टा काढा. वरचं टोक ४ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे खरा धोका शंभरात चार असला तरी १३३ जणांत एकच सापडणं अशक्य नाही. फरक दिसला नाही आणि फरक नाही, ही दोन वाक्यं वेगळी आहेत. चाचणी खाजेसाठी बांधलेली होती. खाजेचा निकाल द्यायला २६८ माणसं पुरेशी होती, दुर्मीळ दुष्परिणामाचा निकाल द्यायला नव्हती. एका चाचणीत दोन प्रश्न विचारता येतात, पण तिची ताकद ज्या प्रश्नासाठी मोजलेली असते त्याच्यासाठीच असते.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. दोन्ही माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलंय की १० दिवस किंवा जास्त वापर झाला तर डोळ्यातला दाब तपासत राहा. अ‍ॅल्रेक्सच्या मूळ माहितीपत्रकात असंही लिहिलं होतं की लहान मुलांमध्ये सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. तक्ता मी वाचला. खालची दोन वाक्यं नाही वाचली. आत्याची बाटली तर ०.५ ची होती, खाजेच्या बाटलीच्या अडीचपट. ०.२ चा तक्तासुद्धा तिला लागू नव्हता.

समोरासमोरच्या लढती

तुम्ही म्हणाल, मग प्लासिबो सोडा, दोन औषधं थेट समोरासमोर बघा. बघू. पण तिथेही डोळे उघडे ठेवून.

२०१२ साली चीनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ऋतुमानाच्या अ‍ॅलर्जीत लोटेप्रेडनॉल ०.२ टक्के दिवसातून चार वेळा, विरुद्ध ओलोपॅटाडीन ०.१ टक्के दिवसातून दोन वेळा. अनेक केंद्रं, ३०० रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. निष्कर्ष: लोटेप्रेडनॉल कमी पडत नाही. पण शीर्षकातलेच शब्द वाचा. तपासणाऱ्याला माहीत नव्हतं कोण कुठल्या औषधावर आहे, एवढीच काळजी घेतलेली. रुग्णांचं काय? एकाला चार वेळा, दुसऱ्याला दोन वेळा घालायचं. एक औषध हलवून घ्यायचं दुधाळ द्रावण, दुसरं पाण्यासारखं स्वच्छ. रुग्णाला बाटली बघूनच कळणार. लाली डॉक्टर मोजतो, तिथे हे चालून जाईल. खाज रुग्ण सांगतो, तिथे? दोन वेळा जास्त थेंब पडले म्हणजे डोळा दोन वेळा जास्त धुतलाही गेला. ही चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टर प्रत्यक्षात औषध असंच देतात, त्यामुळे तिला अर्थ आहे. पण त्यातून रेणूंची तुलना होत नाही, उपचारपद्धतींची होते. निष्कर्ष लिहिताना हा फरक जपायचा.

दुसरी गोष्ट, "कमी पडत नाही" याचा अर्थ "सारखं" नाही आणि "वरचढ" तर नाहीच. अशा चाचणीत आधी ठरवतात की किती मागे राहिलं तरी चालेल. ती सवलत किती दिली, ते शोधा. सवलत मोठी असेल तर कुणीही पास होतं.

आता केटोरोलॅक. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण. हे स्टेरॉइड नाही, प्रोस्टाग्लँडिन बनणं अडवणारं वेदनाशामक. अ‍ॅक्युलर या नावाच्या ०.५ टक्क्याच्या एकाच बाटलीवर दोन्ही कामं छापलेली आहेत: अ‍ॅलर्जीची खाज आणि मोतीबिंदूनंतरची सूज. इथे तर टक्केवारीही तीच. मग दोन्हीकडे सारखंच चांगलं असेल ना? ऑपरेशननंतर प्रोस्टाग्लँडिन मुख्य आरोपी, त्यामुळे तिथे हे औषध मूळ कारणावर जातं. खाजेत मुख्य आरोपी हिस्टामीन. प्रोस्टाग्लँडिन तिथे साथीदार, ते फक्त खाजेचा उंबरठा खाली आणतात. १९९९ साली ओलोपॅटाडीन आणि केटोरोलॅक यांची तुलना झाली. डोळ्यात मुद्दाम अ‍ॅलर्जीचा पदार्थ टाकायचा आणि बघायचं, ही पद्धत. ओलोपॅटाडीन खाजेत आणि लालीत सरस ठरलं, आणि डोळ्याला सोसवलंही जास्त.

पटण्यासारखं आहे. तरी दोन प्रश्न विचाराच. एक, केटोरोलॅक घातल्यावर डोळा झोंबतो. माहितीपत्रकानुसार ४० टक्क्यांपर्यंत रुग्णांना. मग झोंबणाऱ्या डोळ्यात कुठलं औषध आहे हे रुग्णाला कळत नसेल? दोन, मुद्दाम अ‍ॅलर्जी देण्याची ही पद्धत १९९० पासून रुळलेली आहे आणि तिचा मोठा फायदा म्हणजे सगळ्यांना मोजून सारखा डोस. पण ती पहिल्या काही मिनिटांची खाज मोजते, आणि पहिली काही मिनिटं हिस्टामीनची. हिस्टामीन अडवणारं औषध तिथे घरच्या मैदानावर खेळतं. स्टेरॉइडसारखं सावकाश काम करणारं औषध याच पद्धतीत नुकतंच घालून तपासलं तर फिकं पडणार. मैदान निवडलं की अर्धा निकाल लागतो.

तो रुग्ण आपल्याकडचा आहे का?

शेवटचा प्रश्न पेपरमध्ये सापडत नाही, बाहेर बघून विचारावा लागतो. पवनेच्या काठाने सांगवीकडे चालत जा. रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५६ च्या सुमारास. अ‍ॅलर्जीसाठी बदनाम आहे ते. त्याच रस्त्यावर बांधकामाची धूळ, कासारवाडीकडून गाड्यांचा धूर. भोसरी-चाकणला शिफ्ट करून आलेला माणूस डोळे चोळतोय, तर ती अ‍ॅलर्जी, धूळ, की एसीत बसून कोरडे झालेले डोळे? परदेशातल्या चाचण्यांत अ‍ॅलर्जी आधी तपासून खात्री केलेली असते, ती झाल्यावरच माणूस आत. आपल्याकडे "खाज आहे" एवढ्यावर बाटली मिळते. औषध तेच, पण रुग्ण तोच नाही.

आठवतंय, २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून डोळे येण्याची साथ पसरली होती? ती विषाणूची साथ होती. तेव्हाही घरोघरी जुने थेंब बाहेर निघाले. लाल डोळा म्हणजे लाल डोळा, असं आपण धरतो. संसर्ग असलेल्या डोळ्यात स्टेरॉइड घातलं तर लाली उतरते, पण संसर्ग वाढू शकतो. बरं दिसणं आणि बरं होणं यात फरक आहे. खाजेच्या चाचणीत मोजलेली "सुधारणा" ही यातली कुठली, हेही विचारा.

एक गोष्ट औषधाच्या बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर ही परीक्षा एकांगी होईल. आत्याला ते थेंब अगदी बरोबर दिले होते. तिची सूज गेली, दाब वाढला नाही, आता ती चष्म्याशिवाय ज्ञानेश्वरी वाचते. आणि सौम्य असण्याची किंमतही माहितीपत्रकात प्रामाणिकपणे लिहिलेली आहे: युव्हिआयटिसच्या चाचण्यांत पुढच्या पोकळीतल्या पेशी लोटेप्रेडनॉलने ७२ टक्के रुग्णांत साफ झाल्या, प्रेडनिसोलोनने ८७ टक्क्यांत. दाब कमी वाढतो, पण ताकदही थोडी कमी. औषधात फुकट काही नसतं. बाटली चांगली होती. तिला दुसऱ्या डोळ्यात नेणारा मी, माझं वाचन कच्चं होतं.

पुढच्या वेळी पेपर हातात घ्याल तेव्हा

एवढं करा. मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, रुग्णाच्या की डॉक्टरच्या, हे आधी लिहून काढा. प्लासिबोचा रकाना मोठ्याने वाचा. टक्का दिसला की त्याच्या खालचे दोन्ही आकडे, किती पैकी किती, वहीत उतरवा. व्याख्येचा उंबरठा शोधा, १० का, ५ का नाही? चाचणी किती दिवसांची आणि प्रत्यक्षात औषध किती दिवस वापरतात, हे शेजारी-शेजारी मांडा. दोन डोळे एकाच माणसाचे असतील तर ते दोन रुग्ण म्हणून मोजलेत का, हे तपासा. तशी मोजणी करून नमुना दुप्पट दाखवणारे पेपर मी पाहिलेत. भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआय या नोंदवहीत जा. २००७ पासून ती आहे, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. तिथे आधी ठरवलेला मुख्य निकाल आणि पेपरमध्ये मिरवलेला निकाल एकच आहे का, ते बघा. आणि सगळ्यात शेवटी, "दुष्परिणाम" या मथळ्याखालचं बारीक अक्षरातलं वाक्य दोनदा वाचा.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय. मुलाखतीत विचारतील, "या दोन औषधांत चांगलं कोणतं?" घाईने नाव घेऊ नका. "कशासाठी, कुणाला, किती दिवस?" असं विचारा. समोरचा परीक्षक चिडला तरी चालेल.

आणि घरी कुणी बाटली पुढे करून "तू शिकतोयस ना, सांग" म्हणालं, तर उत्तर एकच: डॉक्टरांना दाखव. मी आता तेच सांगतो. भाचा परवा आला होता. डॉक्टरांनी दिलेले दुसरे थेंब चालू आहेत, दर दोन महिन्यांनी दाब मोजतात. आत्याने फ्रीजचं दार उघडून म्हटलं, "तो तुझा दोन टक्केवाला थेंब मी फेकला बरं का."

उघडून महिना उलटला होता, फेकायलाच हवा होता. ते पण बाटलीवर लिहिलेलं होतं.

भेटू पुढच्या वेळी. प्रश्न असतील तर विचारा, पण आकड्यांसकट विचारा.